सारंगाची शिट्टी आणि कप्तानाची सनद

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत आपण पूर्वजांचे स्मरण करतो ते बहुधा देवालयांच्या, वतनांच्या आणि दानशूर पुरुषांच्या निमित्ताने. ते उचितच आहे. परंतु किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्यासारख्या समाजाच्या इतिहासाचा मोठा भाग जमिनीवर घडलाच नाही. तो समुद्रावर घडला आणि बोटींच्या हजेरीपटांत राहून गेला. आपल्या पुष्कळ घरांतील आजे-पणजे मुंबईच्या गोदीतून बोटीवर चढले, लंडन, लिव्हरपूल, सिंगापूर ही नावे त्यांच्या तोंडी गावच्या नावांइतकी सहज असत. त्यांचे हुद्दे मात्र ठरलेले होते : खलाशी, सुकाणी, तांडेल आणि फार झाले तर सारंग. त्यापुढील हुद्दा आपल्या वडीलधाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला आला.

असे का व्हावे? धाडस नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. कौशल्य नव्हते, असे म्हणणाऱ्याने या किनाऱ्याचा इतिहास वाचलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर शिक्षणाच्या इतिहासात आहे. अंगचे कसब आणि सरकारमान्य सनद या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली आपल्यापाशी विपुल होती, दुसरीच्या दारापर्यंत आपल्याला पोहोचू दिले गेले नाही, आणि ते दार उघडले तेव्हाही आपण वेळेवर तेथे हजर नव्हतो. हा वृत्तांत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, कारण त्यातील बोध आजच्या पिढीलाही लागू पडतो, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

गलबतावरील शाळा

आगबोटी येण्यापूर्वी कोकण किनाऱ्यावरील वाहतूक गलबते, मचवे आणि पत्तेमाऱ्या यांवर चाले. नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून हंगाम सुरू व्हावयाचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गलबते खाडीत ओढून शाकारली जावयाची. या हंगामाबरोबरच मुलाचे शिक्षणही चाले. बापाबरोबर किंवा मामाबरोबर गलबतावर गेलेला पोर प्रथम चूल सांभाळी आणि तळाशी साचलेले पाणी उपसून टाकी. मग दोरांच्या गाठी, मग शीड चढवणे-उतरवणे, मग डोलकाठीवर चढून टेहळणी, आणि हात बसल्यावर सुकाणू, असा त्याचा क्रम असे. रात्री जमिनीकडून सुटणारे मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे यांचा मेळ घालून किनारा कसा धरावा, कोणत्या ताऱ्यावर नाळ ठेवावी, दोरीला बांधलेला शिशाचा गोळा तळाशी सोडून, त्याच्या बुडाला लावलेल्या चरबीस चिकटून आलेल्या वाळूवरून किंवा चिखलावरून आपण कोठे आहोत हे कसे ओळखावे, हे सर्व त्याला नाखवा आणि तांडेल तोंडी शिकवीत.

या शाळेत पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती आणि शुल्कही नव्हते. परीक्षक म्हणजे प्रत्यक्ष समुद्र. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने अठराव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य कंपन्यांना जी दहशत घातली, तिच्यामागे असेच शिकलेले हात होते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जी जहाजे बांधली, तीही बापाकडून मुलाकडे गेलेल्या विद्येचीच फळे होती. १८१७ साली येथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेले आहे.

तथापि या शिक्षणपद्धतीची एक मर्यादा ध्यानात घेणे अवश्य आहे. विद्या रक्ताच्या नात्यातून आणि गावकीतून वाहत असल्याने ती विश्वासाने मिळे, पण नात्याबाहेर जात नसे. आणि ती कोठेही लिहून ठेवलेली नसल्याने, ज्या दिवशी कागदावरील पुराव्याची मागणी झाली, त्या दिवशी तिच्या धन्यापाशी दाखवण्यास काही उरले नाही.

सारंगाचा हुद्दा आणि त्यापुढील भिंत

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून युरोपियन जहाजांना हिंदी खलाशांची गरज पडत आली. या खलाशांना ‘लस्कर’ म्हणत. त्यांचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सामानाची कोठी सांभाळणारा कसाब, सुकाणू धरणारा सुकाणी, आणि मग साधे खलाशी, अशी उतरंड असे. सारंगाच्या गळ्यात शिट्टी असे आणि तिच्या इशाऱ्यावर सारे डेक हाले. गोरा अधिकारी हुकूम सोडी, पण तो माणसांपर्यंत पोहोचवणे आणि काम करवून घेणे हे सारंगाचे काम होते. या व्यवहारातून फारसी, अरबी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी आणि इंग्रजी शब्दांची एक मिश्र बोली तयार झाली. लेफ्टनंट टॉमस रोबक या लष्करी अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाविषयक कोश छापला, तो गोऱ्या अधिकाऱ्यांना ही बोली समजावी म्हणून. ज्या विद्येचे शब्द शिकण्यासाठी अधिकाऱ्यांना कोश लागत असे, ती विद्या अडाण्यांची खासच नव्हती.

परंतु कायद्याची दृष्टी निराळी होती. १८२३ साली ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्यात, हे खलाशी ब्रिटिश राजाच्या मुलखात जन्मलेले असले तरी त्यांना ब्रिटिश नाविक समजू नये, अशी तरतूद होती. त्यांचे करारनामे निराळे, राहण्याची जागा कमी आणि वेतन गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या एकतृतीयांश किंवा त्याहूनही थोडे. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, आगबोटींची ये-जा वाढली आणि बॉयलरपुढे कोळसा ओढणाऱ्या आगवाल्यांची मागणीही वाढली. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर ५१,००० हून अधिक लस्कर काम करीत होते. मुंबई बंदरातून कोकण, कच्छ आणि सौराष्ट्रातील माणसे डेकवर, पंजाबकडील माणसे इंजिनखान्यात आणि गोवेकर सलूनमध्ये, अशी साधारण वाटणी पडून गेली होती.

याच काळात इंग्लंडात एक महत्त्वाचा बदल झाला होता. तेथेही पूर्वी जहाजाचा अधिकारी अनुभवाने आणि मालकाच्या मर्जीनेच होत असे. अपघात वाढले, तक्रारी झाल्या, आणि १८५० च्या कायद्याने परदेशगामी जहाजांच्या कप्तानांना व मेटांना परीक्षा सक्तीची झाली. १८६२ च्या कायद्याने इंजिनिअरांनाही ती लागू केली. ही सुधारणा चांगलीच होती. अज्ञानी माणसाच्या हाती शेकडो प्राण सोपवणे केव्हाही योग्य नव्हे. परंतु तिचा एक परिणाम आपल्याकडे असा झाला की, अनुभवाच्या शिडीवरून वर जाण्याची जी थोडीबहुत शक्यता होती ती संपली. परीक्षा इंग्रजीत, तिच्यासाठी गणित आणि नौकानयनशास्त्राचे ज्ञान आवश्यक, आणि परीक्षेस बसण्यापूर्वी अधिकारी-उमेदवार म्हणून काही वर्षांची समुद्रसेवा झालेली असावी लागे. अशी उमेदवारी देणे सर्वस्वी जहाजकंपन्यांच्या हाती होते, आणि बड्या कंपन्या ती हिंदी मुलाला देत नसत. तीस वर्षे समुद्रावर काढलेल्या सारंगाची सेवा खलाशी म्हणून मोजली जाई, अधिकारी म्हणून नव्हे. कालच मिसरूड फुटलेल्या गोऱ्या उमेदवाराला डेकवरचे काम सारंग समजावून सांगे, आणि काही वर्षांनी तोच उमेदवार त्याचा साहेब होई.

१९१७ च्या अंतर्गत जलवाहतुकीविषयीच्या कायद्यात ‘सारंग’ या नावाची एक सनद होती. पण ती नद्या, खाड्या आणि अंतर्गत पाण्यावरील आगबोटींपुरती होती. कायद्याने सारंगाला ओळखले ते एवढेच. खुल्या समुद्रावर त्याच्या ज्ञानाला कागदोपत्री नाव नव्हते.

घाट-सारंगाचा फास

खालच्या दर्जाची नोकरी मिळणेही सोपे नव्हते. गावाहून आलेल्या माणसाची जहाजाशी गाठ घालून देणारे दलाल आणि ‘घाट-सारंग’ म्हणून ओळखले जाणारे मध्यस्थ बंदरात बसलेले असत. बोट मिळेपर्यंत खलाशी उधारीवर राही, आणि बोट मिळाली की पहिल्या पगारातून उधारी, व्याज आणि ‘बक्षीस’ वजा होई. १९२० साली जिनोव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने खलाशांच्या नोकरभरतीत दलाली असू नये असा ठराव केला. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने चौकशी-समितीही नेमली. १९३१ च्या मजूरविषयक रॉयल कमिशनने, ज्याचे एक सभासद ना. म. जोशी होते, खलाशांच्या भरतीचा प्रश्न पुन्हा तपासला. परंतु अनेक वर्षे परिस्थितीत फारसा फरक पडला नाही.

या फासातून सुटण्याची एक वाट गोवेकर बांधवांनी शोधून काढली होती, तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी गावोगावचे ‘कूड’ स्थापन केले. बोटीवरून उतरलेल्या किंवा बोटीची वाट पाहणाऱ्या गावच्या माणसाला तेथे अल्प वर्गणीत राहावयास मिळे आणि कामाची खबरबात कळे. सावकाराच्या ओसरीवर दिवस काढण्याची वेळ त्यामुळे येत नसे. संस्था लहान असली तरी योग्य जागी उभी राहिल्यास किती उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दोन महायुद्धांत या सनद नसलेल्या माणसांनी काय सोसले तेही विसरता येणार नाही. मुंबईत मशीद बंदराजवळील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांची संख्या सहा हजारांच्या पुढे जाते. त्यांना समुद्राखेरीज दुसरी समाधी नाही.

मागणी कशी उभी राहिली

दि. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. नरोत्तम मोरारजी आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद हे या कंपनीचे प्रमुख संस्थापक होते. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून हिंदी कंपनीला कसे जेरीस आणले, हा इतिहास अनेकांस ठाऊक आहे. परंतु त्यातील एक बाजू फारशी बोलली जात नाही. हिंदी भांडवल उभे राहिले, हिंदी मालकीचे जहाज आले, डेकवर हिंदी खलाशी होतेच. पण ते जहाज कायद्याने चालवण्यास लागणारी सनद असलेले हिंदी अधिकारी अगदीच थोडे होते. आपल्या देशाच्या जहाजावर हुकूम सोडण्यास परक्यांनाच बोलवावे लागे. शिक्षणाची उणीव ही स्वातंत्र्याचीच उणीव होती, हे येथे स्पष्ट झाले.

१९२२ साली मध्यवर्ती विधिमंडळात सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी हिंदी व्यापारी नौकादलाचा प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडला. त्याचा परिणाम म्हणून १९२३ मध्ये रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सर लल्लुभाई सामळदास हे तिचे एक सभासद होते. समितीने १९२४ मध्ये अहवाल दिला. किनाऱ्यावरील व्यापार क्रमाक्रमाने हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावा, ही तिची शिफारस सरकारने बासनात गुंडाळली. पुढे १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी त्यासाठी विधेयक आणले, तेही कायद्यात उतरले नाही. हिंदी तरुणांना अधिकारी करण्यासाठी मुंबईत शिक्षण-जहाज ठेवावे, ही शिफारस मात्र सरकारला मान्य करावी लागली.

‘डफरिन’

त्यासाठी निवडलेली ‘डफरिन’ ही बोट १९०४ साली इंग्लंडात बांधलेली आणि सैन्याची ने-आण करण्यासाठी वापरलेली होती. १९२७ मध्ये ती माझगावच्या धक्क्यापाशी नांगरण्यात आली आणि हिंदी व्यापारी नौकादलाची पहिली सरकारी शाळा तिच्यावर सुरू झाली. कॅप्टन डिग्बी-बेस्ट हे तिचे पहिले प्रमुख. शालेय विषयांबरोबर नौकानयन, जहाजाचे काम, झेंड्यांचे आणि दिव्यांचे इशारे, होडी चालवणे, दोरांचे आणि शिडांचे काम, असे शिक्षण मुलांना बोटीवरच राहून मिळे. दिवस पहाटे सुरू होई आणि डेक धुण्यापासून सर्व कामे छात्रांनाच करावी लागत. पुढे काही वर्षे इंजिनिअर होऊ इच्छिणाऱ्या मुलांनाही तेथे शिकवले गेले.

शाळा निघाली म्हणजे सर्व झाले असे नव्हते. ‘डफरिन’वरून उत्तीर्ण झालेल्या मुलाला परीक्षेस बसण्यापूर्वी अजून प्रत्यक्ष समुद्रसेवा करावयाची असे, आणि त्यासाठी उमेदवार म्हणून जहाजावर घेणारी कंपनी हवी. ब्रिटिश कंपन्या आरंभी नाखूष होत्या. सिंदियासारख्या हिंदी कंपनीने या मुलांना जागा दिली नसती तर शिक्षण-जहाजाची सारी खटपट धक्क्यापाशीच थांबली असती. कोणत्याही शिक्षणामागे त्या शिक्षणाला काम देणारा उद्योग उभा असावा लागतो, हा धडा येथे मिळतो.

पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी पुढे नौदलात गेले आणि १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. हिंदी माणसाला जहाजाचे अधिपत्य झेपणार नाही, असे ज्यांनी म्हटले त्यांना याहून चोख उत्तर कोणते असू शकेल?

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सांगावयाची ती ही. ‘डफरिन’ माझगावला उभी होती. भाऊचा धक्का तेथून हाकेच्या अंतरावर. रोज आपली माणसे तिला पाहत जात-येत होती. पण तिच्यावर चढण्यासाठी प्रवेशपरीक्षा होती, ती इंग्रजी शिकलेल्या मुलासाठी होती, आणि शिक्षणाचे व राहण्याचे शुल्क भरावे लागे. वर्षातून काही महिने बोटीवर आणि उरलेले बोटीची वाट पाहण्यात घालवणाऱ्या सारंगाच्या घरी ही रक्कम कोठून यावी? आणि इंग्रजी शाळा तरी गावात कोठे होती? त्यामुळे समुद्राची विद्या ज्या घरांत परंपरेने होती, त्या घरांना हे नवे दार फारसे उपयोगी पडले नाही. जी घरे शहरात होती, ज्यांच्यापाशी शिक्षण आणि माहिती होती, त्यांची मुले अधिकारी झाली. त्यांनी ते परिश्रमाने मिळवले, त्याबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. परंतु ज्या वेळी आपल्या समाजातील संस्थांनी मुलांना इंग्रजी शाळेत घालून, शुल्काची तरतूद करून या परीक्षेस बसवावयास हवे होते, त्या वेळी समुद्रावरील नोकरी ही बापाने मुलाला दलालामार्फत लावून देण्याची गोष्ट आहे, असेच बहुतेकांस वाटत राहिले. परकीय सत्तेने दार बंद ठेवले हा तिचा दोष, पण उघडलेल्या दाराकडे पाठ राहिली, याचा विचार आपला आपणच केला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर या शिक्षणाची व्यवस्था वेगाने वाढली. १९४८ साली मुंबईत नॉटिकल अँड इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. सनदेच्या वरच्या परीक्षांची तयारी करण्यासाठी विलायतेस जाण्याची गरज त्यामुळे उरली नाही. पुढे या संस्थेस लालबहादूर शास्त्री यांचे नाव देण्यात आले. १९४९ मध्ये मुंबईत नौवहन महासंचालनालय स्थापन झाले, आणि त्याच वर्षी सागरी इंजिनिअरांच्या शिक्षणासाठी कलकत्ता व मुंबई येथे स्वतंत्र सोय झाली. खलाशांसाठीही प्रथमच शिक्षण-जहाजे आली. कलकत्त्यास ‘भद्रा’, विशाखापट्टणमला ‘मेखला’ आणि सौराष्ट्रात नवलखी येथे ‘नौलक्षी’. अधिकाऱ्यालाच नव्हे, तर साध्या खलाशालाही बोटीवर चढण्यापूर्वी शिकवले पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे तेव्हा रुजली. १९५४ मध्ये मुंबईत खलाशांचे सरकारी नोकरभरती कार्यालय उघडले आणि पाळीप्रमाणे काम देण्याची पद्धत आल्याने घाट-सारंगांची सद्दी ओसरू लागली. १९५८ साली व्यापारी नौवहनाचा स्वतंत्र कायदा झाला.

‘डफरिन’ने सुमारे पंचेचाळीस वर्षे सेवा केली. १९७२ मध्ये तिची जागा ‘राजेंद्र’ या शिक्षण-जहाजाने घेतली, आणि १९९३ मध्ये नवी मुंबईच्या किनाऱ्यावर ‘चाणक्य’ ही जमिनीवरील संस्था तिच्या परंपरेची वारस झाली. नाव शिक्षण-जहाजाचेच राहिले, पण ते जहाज आता पाण्यावर नाही. २००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले आणि या सरकारी संस्था त्याच्या छत्राखाली आल्या.

याच काळात जगाचेही नियम एक झाले. १९७८ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नाविकांचे शिक्षण, सनद आणि पहारा यांविषयी एक करार केला. तो १९८४ पासून अमलात आला, आणि १९९५ व २०१० मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्याचा अर्थ असा की, रत्नागिरीचा मुलगा असो की नॉर्वेचा, त्याने आग विझवणे, जीवरक्षक होडी हाताळणे, प्रथमोपचार करणे हे ठरलेल्या मापाने शिकलेले असलेच पाहिजे. एकेकाळी कायद्याने ज्याला नाविक म्हणूनही मानले नाही, त्याच्या नातवाची सनद आज जगातील बंदरांत मान्य होते. हा बदल लहान नव्हे.

आणखी एक भिंत या काळात पडली. १९९९ मध्ये सोनाली बॅनर्जी भारताच्या पहिल्या महिला सागरी इंजिनिअर झाल्या. राधिका मेनन या कप्तान झाल्या आणि बंगालच्या उपसागरात बुडत्या नौकेवरील मच्छीमारांना वाचवल्याबद्दल २०१६ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्यपुरस्कार मिळाला. आपल्या घरांतील मुलींपुढेही हे क्षेत्र ठेवावयास हरकत कोणती?

आजचे कर्तव्य

इतिहास सांगून थांबणे पुरेसे नाही. घाट-सारंग नाहीसा झाला असे आपण म्हणतो, परंतु त्याचा अवतार निराळ्या वेषात आजही फिरतो आहे. बंदराऐवजी तो टापटीप कार्यालयात बसतो, बोटीवर अमुक पगाराची नोकरी लावून देतो म्हणून लाखांनी पैसे घेतो, आणि पुष्कळदा मुलाला मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र किंवा परदेशी बंदरात निराधार अवस्था, एवढेच पदरी टाकतो. कायदा आज आपल्या बाजूस आहे. नाविकांची भरती करणाऱ्या संस्थेपाशी नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, त्यासंबंधीचे नियम २००५ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये झाले. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून पैसे घेता येत नाहीत. परंतु ज्याला कायदा ठाऊक नाही त्याला तो कसा तारणार? आपल्या वडीलधाऱ्यांची जी फसवणूक निरक्षरतेमुळे झाली, ती आजच्या पदवीधर मुलांची माहितीच्या अभावी होऊ नये.

यासाठी ज्ञातिसंस्थेने तीन गोष्टी करावयास हव्यात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. पहिली, दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागण्यापूर्वीच पालकांची सभा घेऊन समुद्रावरील शिक्षणाचे सर्व मार्ग समजावून द्यावेत : अधिकारी होण्यासाठी सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, इंजिनिअरचा मार्ग आणि खलाशासाठीचा मान्यताप्राप्त प्राथमिक अभ्यासक्रम. समाजातील जे सेवानिवृत्त व कार्यरत अधिकारी आहेत, त्यांच्याइतके अधिकारी मार्गदर्शक दुसरे कोण? दुसरी, कोणतेही पैसे भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता आणि भरती करणाऱ्याचा परवाना तपासून देणारा एक माहितगार सभासद संस्थेच्या कार्यालयात नेमलेल्या वारी बसावा. यास खर्च काहीच नाही, पण त्यामुळे एखाद्या घराची गहाण पडणारी जमीन वाचेल. तिसरी, शिष्यवृत्तीच्या निधीतून या शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देण्याची वेगळी तरतूद व्हावी. हे शिक्षण महाग आहे, परंतु अधिकारी झालेला तरुण ते कर्ज फेडू शकतो, आणि फेडलेल्या रकमेतून पुढचा मुलगा किंवा मुलगी शिकू शकते.

कोणी म्हणेल की, खलाशाचे काम कमी प्रतीचे आणि अधिकाऱ्याचे तेवढे श्रेष्ठ असे लेखकाला सुचवावयाचे आहे. तसे मुळीच नाही. चांगल्या सारंगावाचून कोणतीही बोट चालली नाही आणि आजही चालत नाही. म्हणणे एवढेच आहे की, खलाशी राहावयाचे की कप्तान व्हावयाचे, हे मुलाच्या बुद्धीने आणि इच्छेने ठरावे. दलालाच्या ओळखीने किंवा बापाच्या हुद्द्याने ते ठरू नये. आपल्या आज्या-पणज्यांना ही निवड कधीच मिळाली नाही. त्यांनी शिट्टीच्या इशाऱ्यावर साऱ्या जगाचा माल वाहिला आणि आपल्या मुलांना जमिनीवर शाळेत घालता यावे एवढे कमावून आणले. त्यांच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या या संस्थेने त्यांच्या पणतवंडांना त्या निवडीपर्यंत नेऊन पोहोचवावे, हीच त्यांची खरी स्मृती ठरेल.